एलडीआरची सुस्ती सॉफ्टवेअरमध्ये कशी उतरवायची?

युनि-व्हाइब या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या जुन्या उपकरणाचं झाकण उघडलं, की मधोमध एक बारीक बल्ब लुकलुकताना दिसतो. त्याच्याभोवती चार एलडीआर असतात. एलडीआर म्हणजे उजेड वाढला की ज्याचा विद्युतरोध कमी होतो, असा घटक. १९६९ साली वुडस्टॉकच्या मंचावर जिमी हेंड्रिक्सच्या गिटारला जो घुमता, पाण्यावर हलल्यासारखा स्वर होता, त्यात या बल्बचा मोठा वाटा आहे.

गिटारचा सिग्नल चार टप्प्यांतून जातो. प्रत्येक टप्पा फक्त सिग्नलची फेज, म्हणजे लहरीच्या चढउतारांची वेळ, सरकवतो, आणि ती किती सरकवायची हे त्या टप्प्यातला एलडीआर ठरवतो. असा सरकलेला सिग्नल मूळ सिग्नलमध्ये मिसळला की काही वारंवारता एकमेकींना पुसून टाकतात, आणि बल्ब उजळेल-मंदावेल तशा या पुसलेल्या जागा वरखाली फिरतात. हे सर्किट सॉफ्टवेअरमध्ये लिहायला फारसं अवघड नाही. अवघड आहे तो उजेड.

सुरुवातीला आपण एलडीआरचा उजेड-रोध आलेख घेतो. उजेड दुप्पट झाला तर रोध निम्मा होत नाही, घातांक ०.७ धरला तर तो सुमारे ६२ टक्क्यांवर येतो. हे सूत्र बसवून ऐकलं की आवाज हलतो, पण जिवंत वाटत नाही. कारण त्या आलेखात वेळच नाही.

एलडीआर बहुधा कॅडमियम सल्फाइडचा असतो. उजेड पडताच त्यातले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध काही मिलिसेकंदांत कोसळतो. अंधार झाल्यावर मात्र स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकलेले इलेक्ट्रॉन रेंगाळत सुटतात, म्हणून रोध पूर्ववत व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. उजेड पडतानाचा चढ आणि अंधार होतानाचा उतार सारखे नाहीत, आणि माझ्या मते त्या स्वराचा जीव या असमानतेतच आहे. त्यामुळे मॉडेलमध्ये चढाचा वेग वेगळा आणि उताराचा वेगळा ठेवावा लागतो. उजेड जितका कमी, तितका उतार संथ, हेही सांभाळावं लागतं.

बल्बची तऱ्हा आणखी निराळी. तारेचं तापमान एक आकडा म्हणून जपायचं. दर सॅम्पलला, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक मोजलेल्या क्षणाला, विजेने दिलेली उष्णता त्यात मिळवायची आणि किरणांच्या रूपात बाहेर गेलेली वजा करायची. ही गेलेली उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते, म्हणून तापलेली तार आधी झपाट्याने निवते आणि मग रेंगाळते.

ध्वनिमुद्रणात आजही वाखाणला जाणारा एलए-२ए कॉम्प्रेसर याच सुस्तीवर उभा आहे. त्यात बल्बऐवजी विजेने उजळणारी पट्टी असते. आवाज मोठा झाला की पट्टी उजळते आणि एलडीआर आवाज दाबतो. हा दाब निम्म्यापर्यंत सुटायला सुमारे ६० मिलिसेकंद लागतात, उरलेला सुटायला मात्र १ ते १५ सेकंद. आवाज किती जोरात आणि किती वेळ दाबला होता, यावर हे ठरतं. एकाच घातांकी उताराने हे कधीच जमत नाही. निदान दोन साठे हवेत, एक पटकन रिकामा होणारा आणि दुसरा झिरपत राहणारा.

इथे एक पेच येतो. पट्टीचा उजेड बाहेर पडणाऱ्या आवाजावर ठरतो, आणि तो आवाज उजेडावर. कॉम्प्युटरने आधी काय काढायचं? सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतील तर एका सॅम्पलचा काळ सुमारे २३ मायक्रोसेकंद. एलडीआर त्यामानाने इतका मंद आहे, की मागच्या सॅम्पलचा उजेड वापरला तरी कानाला फरक कळत नाही. ज्या सुस्तीने मॉडेल अवघड केलं, तीच इथे मदतीला येते.

मात्र खऱ्या घटकाची मोजणी टळत नाही. एकाच खोक्यातले दोन एलडीआरही सारखे निघत नाहीत, आणि प्रत्येकाला मागच्या उजेडाची आठवण असते. म्हणून मोजण्याआधी तो किती तास अंधारात होता, हे वहीत लिहून ठेवावं लागतं. नाहीतर आज काढलेला आलेख उद्याच्या आलेखाशी जुळत नाही.