कोऱ्या सीडीचा काळ: खानदेशात गाणी ‘भरून’ मिळायची तेव्हा

लग्नाच्या जुन्या सीडी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला लोक हल्ली फोटो स्टुडिओत येतात आणि त्यांतल्या कितीतरी सीडी उघडतच नाहीत. मग वाद होतो. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीच हलकी सीडी दिली होती; स्टुडिओवाला म्हणतो, तुम्ही ती नीट ठेवली नाही. दोघांचंही थोडं खरं असतं. पण घरच्या संगणकावर लिहिलेली सीडी मुळात कशी बनते आणि खानदेशात तिच्यावर काय काय लिहिलं गेलं, हे पाहिल्याशिवाय तो वाद कळत नाही.

सुरुवात कॅसेटपासून करावी लागते. १९८० च्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली आणि जळगाव, धुळे, भुसावळच काय, पारोळा-साक्रीसारख्या तालुक्याच्या गावांतही कॅसेट भरून देणारी दुकानं निघाली. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी भरलेली कॅसेट न्यायची. दुकानात डबल डेक असे. एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला कोरी. नकलेची नक्कल झाली की खरखर वाढे, आवाज दबे. त्याची कुणी फारशी तक्रार करत नसे, कारण गाणं ओळखू आलं की पुरे.

याच दुकानांत आणखी एक काम होई, ज्याकडे पुढे फारसं लक्ष गेलं नाही. श्रावणातल्या कानबाई देवीची गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, लग्नातली हळदीची गाणी कुणी बाई साध्या टेपवर म्हणून ठेवी आणि दुकानदार तिच्या प्रती काढून देई. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या भाषेच्या नोंदीखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोक आहेत. एवढ्या बोलणाऱ्यांसाठी मोठ्या कंपन्या क्वचितच काही काढत. अहिराणीचा, म्हणजे खानदेशच्या या बोलीचा, बाजार गावातल्या दुकानावरच उभा राहिला, आणि कोरी सीडी आली तेव्हा तिने हाच बाजार हाती घेतला.

सीडी स्वतः मात्र दुकानाची नव्हती, कारखान्याची होती. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून १९८० मध्ये तिचं मानक ठरवलं आणि १९८२ च्या ऑक्टोबरात ती जपानमध्ये विक्रीला आली. १२ सेंटिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी, आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा. कारखान्यात साच्यावर प्लॅस्टिक दाबून तिच्यात सूक्ष्म खळगे उठवतात, वर ॲल्युमिनियमचा मुलामा देतात. ते खळगे प्लॅस्टिकच्या अंगातच असतात, त्यामुळे दुकानातून विकत आणलेली छापील सीडी पंचवीस-तीस वर्षांनंतरही बहुधा वाजते. घरी असे खळगे पाडणं अर्थातच शक्य नव्हतं.

ही अडचण जपानच्या ताइयो युडेन कंपनीने १९८८ मध्ये सोडवली. प्लॅस्टिक आणि चकाकणारा थर यांच्यामध्ये त्यांनी रंगद्रव्याचा पातळ थर घातला. रायटरमधला, म्हणजे सीडी लिहिणाऱ्या यंत्रातला, लेझर त्यावर क्षणभर जोरात पडला की ती जागा तापून बदलते आणि तिथून प्रकाश कमी परततो. वाचणाऱ्या यंत्राला तिथे खळगा असल्याचा भास होतो. म्हणजे घरच्या सीडीवर खळगे नसतातच, जळके ठिपके असतात. फिलिप्स-सोनीने १९९० मध्ये या पद्धतीला ‘ऑरेंज बुक’ नावाच्या मानकात बसवलं. रंगद्रव्यं वेगवेगळी होती: हिरवट दिसणारं सायनिन, फिकट सोनेरी थॅलोसायनिन, गडद निळं ॲझो. सीडीची पाठ हिरवी की निळी यावरून ती ‘चांगली’ की ‘हलकी’ ठरवण्याची सवय दुकानदारांना लागली होती, आणि ती अगदीच वेडगळ नव्हती. सुरुवातीचं सायनिन प्रकाशाला फार लवकर हार जाई; थॅलोसायनिन जास्त टिकाऊ.

रायटर सुरुवातीला प्रयोगशाळेची चैन होती. हजार डॉलरच्या आतला पहिला रायटर, एचपीचा ४०२०आय, १९९५ मध्ये आला, आणि तेव्हाचे हजार डॉलर म्हणजे तीस हजारांवर रुपये. त्या पैशात आपल्याकडे सेकंडहँड मोटारसायकल यायची. खानदेशात रायटर घरोघर शिरला तो २००० नंतर. एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र मागू लागले, आणि शिक्षकांच्या, कारकुनांच्या घरात असेंबल केलेला संगणक आला. तो घेताना रॅम किती हे विचारणारे थोडे. ‘रायटर टाकलाय ना?’ हे मात्र हमखास विचारलं जाई. सोबत येणाऱ्या सीडीतून ‘नीरो’ चढे, जळत्या कोलोसियमचं चिन्ह असलेला जर्मन प्रोग्रॅम. विंडोज एक्सपीत २००१ पासून सीडी लिहिण्याची सोय आयतीच होती, पण लोकांची भिस्त नीरोवरच राहिली.

सीडी मारणं तेव्हा नाजूक काम होतं. एकपट वेग म्हणजे सेकंदाला १५० केबी; त्या वेगाने ७४ मिनिटांची सीडी लिहायला ७४ मिनिटंच लागत. लेझर एकदा चालू झाला की त्याला माहिती अखंड मिळावी लागे. संगणक मध्येच अडखळला, कुणी माउस हलवून दुसरा प्रोग्रॅम उघडला, की रायटरमधला माहितीचा तात्पुरता साठा रिकामा होई आणि सीडी तिथेच बाद. म्हणून सीडी लिहिताना घरातल्या पोरांना संगणकाला हात लावू देत नसत. २००० मध्ये सान्योने ‘बर्न-प्रूफ’ नावाची युक्ती आणली: साठा संपला तर लेझर थांबतो, जागा लक्षात ठेवतो आणि तिथूनच पुढे लिहितो. बाकीच्या कंपन्यांनीही वेगवेगळ्या नावांनी तेच केलं आणि हा प्रश्न जगभर मिटला.

आपल्याकडे मिटला नाही, कारण आपला अडखळा वेगळा होता. त्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं, आणि वीज गेली तर बर्न-प्रूफ काय करणार? वीज जायची वेळ वेळापत्रकात असे, पण ती पाळली जाईलच असं नाही. मग यूपीएस आला, इन्व्हर्टर आला. ज्याच्याकडे ते नव्हते तो वीज आल्या-आल्या सीडी लावून बसे. लग्नसराईत तर सीडी मारायचं काम रात्री अकरानंतरच चाले.

त्यात गिऱ्हाईक परत येई: “भाऊ, हाई सीडी मन्हा डेकवर वाजत नही.” कारण बहुतेक वेळा एकच असे. संगणकात गाणी दिसतात म्हणजे ती डेकवर वाजलीच पाहिजेत, असा समज. पण ऑडिओ सीडी आणि एमपीथ्रीची, म्हणजे दाबून लहान केलेल्या गाण्यांच्या फायलींची, सीडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ८० मिनिटांच्या कोऱ्या सीडीवर फायलींच्या रूपात ७०० एमबी मावतात, तीच सीडी ऑडिओ म्हणून लिहिली तर तिच्यावर सुमारे ८०७ एमबीचा आवाज बसतो. जागा तीच. फरक एवढाच, की फायलींच्या प्रत्येक २,३५२ बाइटच्या तुकड्यात फक्त २,०४८ बाइट आपल्या कामाचे असतात, बाकी चुका पकडण्या-दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवलेले. गाण्यात एखादा नमुना चुकला तर कानाला कळत नाही, पण फायलीतला एक बिट चुकला तर ती उघडत नाही, म्हणून ही जादा खबरदारी. जुन्या डेकला फक्त ऑडिओ सीडी समजे. शिवाय लिहून झाल्यावर सीडी ‘क्लोज’ करावी लागे. ते राहिलं तर रायटरला ती दिसे, डेकला नाही.

स्वस्त चिनी व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) प्लेअर एमपीथ्री वाचू लागले तेव्हा ही कटकट संपली आणि हिशेबच बदलला. १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट धरले तर, पाच मिनिटांचं गाणं पावणेपाच एमबीच्या आसपास जातं. म्हणजे एका सीडीत दीडशे गाणी. नव्वदच्या कॅसेटमध्ये अठरा-वीस मावत. दहा-पंधरा रुपयांच्या कोऱ्या सीडीत आख्खा हंगाम निघे. चोपडा-शिरपूर मार्गावरच्या काळी-पिवळीत, ट्रॅक्टरवर, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या पाळण्यांजवळ हीच दीडशे गाण्यांची सीडी वाजत होती. कोऱ्या सीडींचा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून यायचा, नंदुरबार-नवापूरकडे सुरतेहून. पन्नासाच्या, शंभराच्या नळकांड्यात सुट्या सीडी, प्रत्येकीला कागदी पाकीट वेगळं घ्यायचं.

चित्राचं तेच झालं. व्हीसीडीचं मानक १९९३ चं. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटच्या तोडीचं, आणि ८० मिनिटांच्या सीडीवर ८० मिनिटं. म्हणून हिंदी सिनेमा दोन किंवा तीन सीडींत येई. गणपतीत भाड्याने आणलेल्या रंगीत टीव्हीवर मध्यंतराऐवजी सीडी बदलण्याची सुट्टी होई. सिनेमांच्या चोरट्या प्रती निघाल्या, रस्त्यावर विकल्या गेल्या, यात लपवण्यासारखं काही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षांच्या कैदेची तरतूद होती, आणि २००९ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टी दादा-हातभट्टीवाल्यांसाठीच्या स्थानबद्धता कायद्यात व्हिडिओ पायरेटांनाही ओढलं. दुसरीकडे नोएडाच्या मोझर बेअरने २००७ च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली. कोऱ्या सीडी बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी ती एक होती. मला वाटतं, चोरट्या सीडीला खरा धक्का छाप्यांपेक्षा या किमतीने दिला.

पण चोरीच्या या गोष्टीत दुसरी गोष्ट झाकली जाते. त्याच रायटरांवर अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ अल्बम निघत होते: शेतात, तापीच्या काठी, हँडीकॅमवर चित्रित केलेले, घरच्या संगणकावर जोडलेले, शंभर-दोनशे प्रती काढून यात्रेत आणि एसटी स्टँडजवळ विकलेले. शेजारच्या मालेगावात तर व्हिडिओ कॅमेऱ्यावर विडंबनपट काढण्याचा उद्योगच होता. यांना ना कंपनी होती, ना सेन्सॉरचा कागद, ना कुठल्या ग्रंथालयात प्रत. आणि फायलींना नावं? ‘ट्रॅक ०१’, ‘अहिराणी नॉनस्टॉप’. देवनागरीत नाव देण्याची सोय सीडीच्या ‘जोलिएट’ पद्धतीत होती, पण आपल्या संगणकांवर मराठी टायपिंग तेव्हा डीटीपीवाल्यांपुरतंच. गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं नाव पाकिटावर मार्करने लिहिलं असेल तर असेल. माझ्या मते त्या काळातलं सर्वांत मोठं नुकसान हेच.

पुढचा उतार भराभर झाला. ४.७ जीबीची डीव्हीडी आली, तिने लग्नाची तीन सीडींची गड्डी एकीवर आणली. मग मेमरी कार्ड आलं आणि गाणी भरून देण्याचा धंदा सीडीच्या दुकानातून मोबाइलच्या दुकानात गेला. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये हा बदल डोळ्यांदेखत झाला. २०१६ नंतर स्वस्त डेटाने तोही संपवला. ताइयो युडेनने २०१५ अखेर कोऱ्या सीडी-डीव्हीडीचा धंदा सोडला. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

आता त्या न उघडणाऱ्या सीडींकडे. रंगद्रव्याचे शत्रू दोन, ऊन आणि उष्णता, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या घरातल्या कपाटावर किंवा जीपच्या डॅशबोर्डवर पडलेल्या सीडीचं काय होत असेल ते सांगायला नको. वरून चिकटवलेलं वधू-वरांच्या फोटोचं स्टिकर आणखी घात करतं, कारण सीडीचा माहितीचा थर वरच्या, छापील बाजूला असतो, वार्निशासारख्या पातळ लेपाखाली. खालच्या बाजूला ओरखडा पडला तर बहुधा निभावतं, वरून पडला तर नाही. डीव्हीडीत हाच थर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने ती थोडी बरी. आणि सीडी आतून बाहेर लिहिली जाते, बिघाड मात्र बाहेरच्या कडेकडून शिरतो. म्हणून हळद नीट चालते, मंगलाष्टकंही होतात आणि पाठवणीला चित्र अडकतं.

अशा सीडीसाठी स्टुडिओवाले अजून एक-दोन जुने ड्राइव्ह जपून ठेवतात. एकावर नाही उघडली तर दुसऱ्यावर लावतात, वेग कमी करतात, मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसतात, गोल नाही. चित्र तुटक आलं तरी जेवढं येईल तेवढं उतरवून घेतात. उघडली तर पैसे, नाही तर नाही, असा सध्याचा व्यवहार आहे.