उबवणीच्या आधीचा आठवडा

कोंबडीची अंडी उबवणी यंत्रात लावली, पिल्लं निघायचा एकविसावा दिवस गेला, बाविसावाही सरला आणि काही अंडी यंत्रात तशीच पडून राहिली, तर ती लगेच फेकून देऊ नका. एकेक अंडं रुंद टोकाकडून फोडा आणि आत पाहा. वास येतो, मन घट्ट करावं लागतं, पण पिल्लू का निघालं नाही हे त्या अंड्याइतकं स्पष्ट दुसरं कोणी सांगत नाही. मी अशी पुष्कळ अंडी फोडली आहेत. त्यांचे ढोबळमानाने दोन ढीग होतात. एका ढिगात पिसं फुटलेली, चोच तयार झालेली, अगदी दाराशी येऊन थांबलेली पिल्लं असतात. दुसऱ्या ढिगात जवळजवळ काहीच नसतं. फार तर बलकावर रक्ताचं एक बारीक कडं उमटलेलं दिसतं.

हे दोन ढीग योगायोगाने होत नाहीत. अंड्यातले मृत्यू २१ दिवसांत सारखे विखुरलेले नसतात. पहिल्या आठवड्यात एक लाट येते, शेवटच्या तीन-चार दिवसांत दुसरी, आणि मधले दिवस बरेच शांत जातात. शेवटची लाट मोठी असेल तर यंत्रातली हवा, ओलावा आणि अंडी फिरवणं तपासायला हवं. पहिल्या लाटेचं मूळ मात्र पुष्कळदा अंडी यंत्रात जाण्याच्या आधीच्या दिवसांत असतं. त्या दिवसांकडे कोणी फारसं बघत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

अंडं घातलं जातं तेव्हा सुरुवात होऊन गेलेली असते. कोंबडीच्या शरीराचं तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस. अंडनलिकेत अंडं जवळपास २४ ते २६ तास असतं आणि तेवढ्या काळात फलित पेशीचं विभाजन जोरात चालू असतं. अंडं बाहेर पडतं तेव्हा बलकावरच्या त्या इवल्याशा ठिपक्यात ४० ते ६० हजार पेशी असतात. ताजं अंडं बशीत अलगद फोडून पाहिलं तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. फलित नसलेल्या अंड्यात तो ठिपका लहान, घट्ट पांढरा आणि वेड्यावाकड्या कडेचा असतो. फलित अंड्यात तो चार-पाच मिलिमीटरचा, गोल, मध्ये जरा पारदर्शक आणि भोवती फिकट कडं असलेला दिसतो. हा फरक एकदा नजरेत बसला की उगाच कोंबड्याला दोष देणं थांबतं. ‘अंडी फोलच होती’ असं म्हणून बाजूला टाकलेली कित्येक अंडी फलित असतात. त्यांतला जीव साठवणीतच गेलेला असतो.

बाहेर आल्यावर अंडं थंड होतं आणि वाढ थांबते. मरत नाही, थांबते. साधारण २० ते २१ अंशांच्या खाली गेलं की भ्रूण असा निजून राहतो. खोली २८-३० अंशांची असेल तर खरी पंचाईत होते, कारण त्या तापमानाला त्याला नीट झोपही लागत नाही आणि नीट वाढताही येत नाही. काही पेशी पुढे सरकतात, काही मागे राहतात, ताळमेळ सुटतो आणि भ्रूण दुबळा होत जातो. दिवसा गरम, रात्री गार अशी ओढाताण झाली तर आणखीनच वाईट. म्हणून आठवडाभर ठेवायची अंडी १५ ते १८ अंशांवर ठेवतात. तीन-चार दिवसांचाच प्रश्न असेल तर १८ ते २० चालतं, दहा दिवसांच्या पुढे जायचं असेल तर १२ ते १४ बरं. फ्रिजमधले चार-पाच अंश त्याला फार गार पडतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास हवी, नाहीतर अंडं आधीच सुकायला लागतं.

कितीही चांगली व्यवस्था असली तरी सात दिवसांनंतर उतरण सुरू होते. पेशी थोड्या थोड्या मरत जातात. कवचातल्या हजारो छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढऱ्याचा सामू (pH) ७.६ च्या आसपासून काही दिवसांतच ९ च्या वर जातो आणि घट्ट पांढरं पातळ होतं. पांढरं पातळ झालं की हलका बलक वर तरंगत कवचाकडे सरकतो. आठवड्याच्या आतली अंडी रुंद टोक वर करून ठेवली की पुरतं. त्याहून जास्त दिवस ठेवायची असतील तर निमुळतं टोक वर ठेवावं किंवा अंडी रोज फिरवावीत, म्हणजे बलक एकाच जागी चिकटत नाही. यंत्रात लावताना मात्र रुंद टोक पुन्हा वर आणायला विसरू नका. ते खाली राहिलं तर पिल्लाचं डोकं हवेच्या पोकळीपासून दूर, निमुळत्या टोकाकडे जातं.

एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. उघड्यावर घरटं करणारी कोंबडी रोज एक अंडं घालते आणि दहा-बारा जमली की मगच खुडूक होऊन बसते. म्हणजे तिचं पहिलं अंडंही दहा-बारा दिवसांचं झालेलं असतं, तरी ते फुटतं. कारण रोज अंडं घालायला आली की ती थोडा वेळ आधीच्या अंड्यांवर बसते. तेवढ्या उबेत भ्रूण जरा सावरतो, मेलेल्या पेशींची जागा भरून निघते. संशोधकांनी हेच उबवणी केंद्रांत करून पाहिलं. साठवणीतली अंडी मधूनच काही तास उबवणीच्या तापमानापर्यंत नेऊन पुन्हा गार करायची. लांब साठवणीत गमावलेली उगवण, म्हणजे पिल्लं निघण्याचं प्रमाण, त्याने बरीच परत मिळते. फक्त ऊब जास्त झाली तर भ्रूण इतका पुढे जातो की पुन्हा थांबवलेलं त्याला सोसत नाही, म्हणून घरच्या लहान यंत्रावर हा प्रयोग मी सुचवणार नाही. अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालून सात दिवसांच्या आत लावणं सोपं आणि खात्रीचं.

अंडी धुण्याबद्दलही बोलायला हवं. कवचावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो, तो जंतूंना छिद्रांतून आत जाऊ देत नाही. धुतलं की तो लेप जातो. पाणी अंड्यापेक्षा थंड असेल तर आतला द्रव आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. म्हणून घरट्यातलं तूस कोरडं आणि स्वच्छ ठेवावं, मळकी अंडी लावूच नयेत. साठवणीतून काढलेली गार अंडी थेट गरम यंत्रात गेली तरी तसंच होतं. त्यांना घाम सुटतो आणि त्या ओलाव्यात जंतूंना वाट मिळते. आधी सहा ते बारा तास खोलीच्या तापमानाला ठेवावीत.

आता यंत्र. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश, पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.९. इजिप्तमधले जुने उबवणीवाले अंडं पापणीला लावून ऊब ओळखत. आपल्याकडे तो हात नाही, म्हणून थर्मामीटर तपासूनच घ्यावा. ताप बघायचा चांगला थर्मामीटर आणि यंत्राचा थर्मामीटर कोमट पाण्यात शेजारी धरून पाहिले तर फरक लगेच कळतो. एका अंशाची चूक २१ दिवस रोज चालू राहते, हे लक्षात घ्या.

ओलाव्यासाठी पहिले १८ दिवस ५० ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ असं सांगतात. मला मात्र आर्द्रतामापकापेक्षा वजनकाट्यावर जास्त विश्वास आहे. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १२ ते १३ टक्के घटायला हवं. ६० ग्रॅमचं अंडं सातव्या दिवशी ५७ च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ५२-५३ वर आलं तर सगळं ठीक. हे पाणी जातं तेव्हाच रुंद टोकाची हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. पाणी कमी गेलं तर पिल्लू फुगलेलं, ओलंच राहून गुदमरतं. जास्त गेलं तर ते आतल्या पापुद्र्याला चिकटतं.

अंडी हाताने फिरवत असाल तर दिवसातून निदान तीन वेळा आणि विषम संख्येत, म्हणजे लांबलचक रात्र रोज एकाच कुशीवर जात नाही. पहिल्या आठवड्यात हे सर्वात मोलाचं, अठराव्या दिवशी थांबवायचं.

चौथ्या-पाचव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा. कोळ्यासारख्या पसरलेल्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसतो. तिसऱ्या दिवशीचं अंडं उघडल्यावर रक्ताच्या थेंबासारखं हृदय उडताना दिसतं, हे अॅरिस्टॉटलने सव्वादोन हजार वर्षांहून आधी लिहून ठेवलं आहे. बदकाला २८ दिवस, मस्कोव्ही जातीच्या बदकाला ३५, टर्कीला २८ आणि लाव्ह्याला १७-१८ लागतात, पण टॉर्चपुढचं हे दृश्य सगळीकडे असंच.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने हवेच्या पोकळीत शिरतं. त्यानंतर कवचाच्या आतून चिवचिव ऐकू येते. मग कवचाला एक चीर जाते आणि पुढे बारा तास, कधी चोवीस तासही, काहीच घडत नाही. इथे हात शिवशिवतात. मीही एकदा मदत म्हणून कवच सोलायला गेलो होतो आणि पापुद्र्यातून रक्त आलं. त्या शिरांमधलं रक्त अजून पिल्लात परतायचं असतं, उरलेला बलक पोटात ओढला जायचा असतो. झाकण उघडलं की ओलावा उडून पापुद्रा वाळतो, ते वेगळंच. त्याचं आवरलं की पिल्लू स्वतःच रुंद टोकाभोवती गोल फिरत कवच कापत जातं. पोटातल्या त्या बलकावर त्याचे दोनेक दिवस निघतात, म्हणून अंग पूर्ण वाळून पिसं फुलेपर्यंत त्याला यंत्रातच राहू द्यावं.