रेझोल्यूट बे : हवामानासाठी जन्मलेला विमानतळ

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, ७४ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर, कॉर्नवॉलिस नावाचे उघडेबोडके बेट आहे. त्यावरच्या रेझोल्यूट बे गावात जेमतेम दोनशे माणसे राहतात. बाहेरून तिथे येणारा रस्ता नाही, आणि जहाज पोचते ते उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत. बाकी वर्षभर भाजीपाला, औषधे, टपाल, आजारी माणूस, सगळ्यांची भिस्त खडीच्या एका धावपट्टीवर. आज विमान उतरेल का, हे तिथे आभाळ ठरवते. पण मुळात ही धावपट्टी झाली तीच आभाळ मोजता यावे म्हणून.

दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर ध्रुवाकडच्या हवेची नियमित निरीक्षणे अमेरिका आणि कॅनडा दोघांनाही हवी होती. १९४७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून आर्क्टिकमध्ये हवामान केंद्रे उभारायला घेतली. मुख्य केंद्र व्हायचे होते मेल्व्हिल बेटावरच्या विंटर हार्बरला. त्या उन्हाळ्यात समुद्रातल्या बर्फाने जहाजांना तिथवर जाऊच दिले नाही, म्हणून सामान रेझोल्यूटच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. गावाची जागादेखील हवामानानेच निवडली म्हणायची. पुढच्या वसंतात मोल्ड बे आणि आयसाक्सेन ही केंद्रे उभी राहिली ती रेझोल्यूटहून विमानाने नेलेल्या सामानावर. हवेत फुगे सोडून तापमान, दाब आणि वारा टिपायचे काम रेझोल्यूटने तेव्हापासून केले.

वस्ती त्यानंतरची, आणि तिची कहाणी दुखरी आहे. १९५३ आणि १९५५ मध्ये कॅनडा सरकारने क्युबेकमधल्या इनुकजुआकहून आणि पाँड इनलेटहून इनुइट (आर्क्टिकमधले मूळ रहिवासी) कुटुंबे आणून इथे वसवली. भरपूर शिकार मिळेल, नाही जमले तर परत जाता येईल, असे त्यांना सांगितले होते. परतीचे वचन पाळले गेले नाही. इनुकजुआक सुमारे दोन हजार किलोमीटर दक्षिणेला. तिथल्या माणसांनी तीन महिने सूर्यच उगवत नाही असा हिवाळा कधी पाहिला नव्हता. सरकारने माफी मागितली ती २०१० मध्ये. या विमानतळाचा इतिहास सांगताना ही गोष्ट गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

आता तिथले आभाळ. वर्षाचे सरासरी तापमान उणे १५ अंश सेल्सिअसच्याही खाली. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण १६० मिलिमीटर, म्हणजे कोकणात जुलैच्या एका जोरदार दिवसात पडतो तेवढा. तरीही हिवाळ्यात दिसेनासे होते, कारण पडलेला कोरडा बर्फ वारा पुन्हा उचलतो आणि जमीन-आकाश एकच पांढरे होऊन जाते. उन्हाळा सौम्य, पण वैमानिकाला जास्त फसवणारा. समुद्रावरचा बर्फ फुटतो, गारठलेल्या पाण्यावर दमट हवा सरकते आणि धुके व अगदी खालचे ढग किनाऱ्याला चिकटून बसतात. धावपट्टी किनाऱ्याजवळ, बाजूला टेकड्या. उतरता आले नाही तर दुसरा विमानतळ शेकडो किलोमीटर दूर. कॅनडाच्या मुख्य भूमीवरचे यलोनाइफ शहर तर दीड हजार किलोमीटरवर. म्हणून परतीचे किंवा पर्यायी ठिकाणाचे इंधन हा इथे उड्डाणाआधीचाच हिशेब असतो.

त्यात होकायंत्राची अडचण. जेम्स क्लार्क रॉसने १८३१ मध्ये चुंबकीय उत्तर ध्रुव बूथिया द्वीपकल्पावर शोधला. पुढे तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेझोल्यूटच्या आसपासच्या बेटांवरून गेला. ध्रुवाच्या इतक्या जवळ चुंबकीय ओढ जवळजवळ सरळ खाली असते, सुई आडवी धरून दिशा दाखवण्याइतके बळ उरत नाही. म्हणून उत्तर कॅनडात दिशा खऱ्या भौगोलिक उत्तरेवरून मोजतात, आणि रेझोल्यूटच्या धावपट्टीच्या क्रमांकापुढे ते सांगणारे अक्षर लावलेले असते. जुन्या वैमानिकांनी सूर्य-ताऱ्यांवरून दिशा काढली. नंतर भरवसा गायरोवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या आधारे दिशा धरून ठेवणाऱ्या उपकरणावर आला. गायरोही हळूहळू भरकटतो, त्याला वेळोवेळी दुरुस्त करावे लागते.

२० ऑगस्ट २०११ रोजी हे सगळे एकत्र आले. यलोनाइफहून निघालेले फर्स्ट एअरचे बोइंग ७३७ खालच्या ढगांतून उतरत होते. शेवटच्या वळणावर ऑटोपायलटचा मोड बदलला आणि विमान धावपट्टीच्या रेषेवर गेलेच नाही. दिशादर्शकातही चूक होती आणि ती उतरताना वाढत गेली. सहवैमानिकाने आपण रेषेबाहेर असल्याचे वारंवार सांगितले, पण वर उचलण्याचा निर्णय उशिरा झाला. विमान धावपट्टीच्या पूर्वेला सुमारे दोन किलोमीटरवरच्या टेकडीवर आदळले. १५ जणांपैकी १२ दगावले. कॅनडाच्या लष्कराचा सराव त्याच दिवसांत तिथे चालू होता, त्यामुळे मदत लगेच पोचली आणि तिघे वाचले.

चौकशी अहवाल २०१४ मध्ये आला. अस्थिर अवस्थेत, म्हणजे वेग, उंची किंवा दिशा नीट जमलेली नसतानाही, विमान उतरवत राहण्याच्या प्रकारांवर विमान कंपन्यांनी नजर ठेवावी आणि ते कमी करावेत, अशी शिफारस त्यात आहे. मला त्या अहवालातले सहवैमानिकाचे इशारे सर्वांत महत्त्वाचे वाटतात: धुक्यात, होकायंत्र निकामी असलेल्या जागी, शेजारच्या माणसाची शंका हेही एक उपकरणच असते, आणि त्या दिवशी ते बरोबर दाखवत होते.