सही घेतली म्हणजे संमती झाली?

समाजशास्त्राच्या प्रकल्पांत एक समज वर्षानुवर्षे चालत आला आहे: संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला की नैतिकतेचा भाग संपला. तसं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही संमतीला प्रक्रिया मानतात. माहिती देणारी व्यक्ती मध्येच, कारण न सांगता माघार घेऊ शकते.

सोलापूरच्या पूर्व भागातलं उदाहरण घ्या. विडी वळणाऱ्या अनेक बायकांच्या घरात तेलुगू बोलतात आणि आपण पुढे करतो छापील मराठीतला फॉर्म. मजुरीबद्दलचा प्रश्न कारखान्यात, विड्या तपासून खराब म्हणून बाजूला काढणाऱ्या माणसासमोरच विचारला, तर ती काय सांगणार? सही खरी असते, पण उत्तर भीतीचं. तोच प्रश्न घरी, मांडीवर सूप घेऊन हात चालू असताना, तिच्या भाषेत विचारावा.

याच शहरात गुन्हेगार जमाती कायद्याखालची, म्हणजे काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिश कायद्याखालची, सेटलमेंट (बंदिस्त वसाहत) होती. तारेच्या कुंपणाआड नोंदी आणि हजेरी सक्तीची होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्यांच्या घरात त्या आठवणी आहेत, त्यांच्याकडे अंगठा मागताना सरळ विचारावं, 'तोंडी होकार चालेल का?' नैतिकता समितीच्या (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीने तोंडी संमतीही ग्राह्य धरता येते.

आणि नाव बदलणंही पुरेसं नाही. 'अमुक कारखान्यातली, पाच मुलींची विधवा आई' एवढं लिहिलं तरी गल्ली तिला ओळखते. अहवालातून कारखाना आणि मुलींची संख्या, दोन्ही काढा.