रूपकार्थ ही विज्ञानानंतरची पळवाट नव्हे

‘पूर्वी सगळे धर्मग्रंथ शब्दशः खरे मानत, विज्ञानाने कोंडीत पकडल्यावर "ते रूपक आहे" ही पळवाट निघाली,’ असं ठासून सांगितलं जातं. ते चूक आहे.

इसवी सनापूर्वीच यास्क या वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या विद्वानाने आपल्या ‘निरुक्त’ या ग्रंथात विचारलं होतं: वेदांत इंद्र ज्याच्याशी लढतो तो वृत्र कोण? ऐतिहासिकांच्या, म्हणजे कथा खरोखर घडलेली मानणाऱ्यांच्या, मते त्वष्टा या देवाचा मुलगा, असुर. नैरुक्तांच्या, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरून अर्थ लावणाऱ्यांच्या, मते ढग. दोन्ही उत्तरं त्याने शेजारी-शेजारी नोंदवली. पाणी आणि तेज एकत्र येऊन पाऊस पडतो, युद्धाचं वर्णन उपमेपुरतं, असंही तिथेच लिहिलं आहे. याचा अर्थ त्याला आजचं हवामानशास्त्र ठाऊक होतं असा कृपया काढू नका. मुद्दा एवढाच, की हा वाद तेव्हाही उघडपणे चालू होता.

पुढे मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे पंडित, कुमारिल भट्टांनी इंद्र-अहल्येच्या कथेत सूर्य आणि रात्र पाहिली. शंकराचार्यांचं गीताभाष्यातलं विधान मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते श्रुती (वेदवचनं) प्रमाण मानणाऱ्याचं आहे: अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं, तरी ते प्रमाण ठरत नाही.

ख्रिस्ती परंपरेतही ऑगस्टिन या धर्मचिंतकाने 5व्या शतकात बायबलमधले सृष्टीचे सहा दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे मानले नव्हते.