फुकटचे सॉफ्टवेअर आणि मुक्त सॉफ्टवेअर

आमच्या फोंडा तालुक्यात देवळाच्या उत्सवात मराठी नाटक झाले नाही, तर उत्सव पार पडला असे कोणी मानत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने एक जुने नाटक पुन्हा करायला घेतले, तेव्हा त्याची संहिता संगणकावर सापडली खरी. पण फाइल उघडताच पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटली. ती संहिता ज्या सॉफ्टवेअरवर टंकलेली होती ते फुकट मिळालेले होते, त्याचा फाँट त्याच्याबरोबरच येत असे, नव्या संगणकावर ते चालेना आणि ते बनवणाऱ्या कंपनीने त्याचा नाद केव्हाच सोडून दिला होता. शेवटी एका नटाने जपून ठेवलेल्या छापील प्रतीवरून आम्ही चौघांनी सगळी पाने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात, पुन्हा टंकली. त्या वेळी मंडळातल्या एका काकांनी मला विचारले, "तू ऊठसूट ते ओपन सोर्स म्हणत असतोस, तेही फुकटच ना रे? मग ते लोक तरी कशाला वाटतात, आणि उद्या तेही असेच बंद पडले तर?"

काकांच्या प्रश्नात दोन वेगळ्या वस्तू एकाच पिशवीत पडल्या होत्या. असे जवळजवळ सर्वांचेच होते, कारण दोन्हींची किंमत शून्य दिसते. त्या वेगळ्या केल्याशिवाय "लोक कशाला वाटतात" या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, कारण दोन्हींकडे देण्याची कारणे वेगळी आहेत आणि मुळात दिली जाणारी वस्तूही वेगळी आहे.

प्रोग्रामर जे लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. तो माणसाला वाचता येतो. त्यापासून यंत्राला कळेल असे जे रूप तयार होते, ते आपण संगणकावर चालवतो, पण ते वाचून त्यात दुरुस्ती करणे जवळपास अशक्य असते. उत्सवातले नाटक मांडवात बसून कोणालाही फुकट पाहता येते. मात्र तेच नाटक शेजारच्या गावात बसवायचे, त्यातला एखादा प्रवेश गाळायचा किंवा नवा घालायचा, तर संहिता हाती हवी आणि तसे करण्याची परवानगीही हवी. फ्रीवेअर, म्हणजे नुसते फुकट दिलेले सॉफ्टवेअर, हा फुकट पाहायला मिळालेला प्रयोग होय. ओपन सोर्समध्ये, म्हणजेच मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, संहिता मिळते आणि तिच्याबरोबर लेखी परवानाही मिळतो: कोणत्याही कामासाठी चालवा, अभ्यासा, बदला, प्रती वाटा आणि बदललेल्या प्रतीही वाटा. नुसती संहिता वाचायला ठेवली आणि बदलण्या-वाटण्याचा हक्क दिला नाही, तर तेही ओपन सोर्स नव्हे, ही गोष्ट पुष्कळ जाणकारांच्याही नजरेतून निसटते.

इंग्रजीत "फ्री" या एकाच शब्दाने फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ होत असल्यामुळे, १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची संपूर्ण प्रणाली उभारण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना आपल्या "फ्री सॉफ्टवेअर"चा अर्थ आयुष्यभर समजावून सांगावा लागला. आपल्याकडे ही अडचण नाही. मराठीत दोन शब्द आहेतच, आणि गोव्यातल्या जुन्या पिढीला पोर्तुगीजमुळे "ग्रातीश" व "लिव्र" हा भेदही ठाऊक आहे. असे असूनही आपण दोन्हींना सर्रास फुकट म्हणतो, हा दोष भाषेचा नाही.

गोंयकाराला हा फरक जमिनीच्या भाषेत चटकन कळतो. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर मुंडकाराचे घर असे. तो तेथे पिढ्यानपिढ्या राही, कित्येकदा भाडेही देत नसे. पण राहणे भाटकाराच्या संमतीवर अवलंबून होते, आणि १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा होईपर्यंत त्या संमतीपलीकडे त्याच्या हाती फारसे काही नव्हते. फ्रीवेअर वापरणारा हा असा कायद्यापूर्वीचा मुंडकार असतो. याउलट गावकारीची, म्हणजे पोर्तुगीज ज्याला कोमुनिदाद म्हणत त्या संस्थेची, जमीन कोणा एकाची नसते आणि बेवारसही नसते. तिला गावकार असतात, नियम असतात आणि त्या नियमांचे दस्तऐवज असतात. गावकाऱ्यांचे रीतिरिवाज पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोराल नावाच्या सनदेत लिहून काढले. त्याआधी ते नव्हते असे नाही. ते चालत होते, पण लिहिलेले नव्हते. मुक्त सॉफ्टवेअरचेही तसेच झाले. विद्यापीठांतले प्रोग्रामर एकमेकांचा कोड सहज घेत-देत असत. कंपन्यांनी तो कुलपात घालायला सुरुवात केल्यावर स्टॉलमन यांनी ती चालत आलेली रीत कायद्याच्या भाषेत बांधली आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना निघाला. ही तुलना फार ताणू नये, कारण गावकार जन्माने होतो आणि येथे कोणीही होऊ शकतो. शिवाय जमीन वाटली तर तुकडे पडतात, कोड वाटल्याने कमी होत नाही.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे, याचा सर्वांत चांगला पुरावा संगणक चालवणाऱ्या लिनक्स या मूळ प्रणालीच्या जन्मकथेत आहे. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स याने १९९१ मध्ये आपल्या ३८६ चिपच्या संगणकासाठी हौसेने लिहिलेली ही प्रणाली सर्वांसाठी ठेवली, तेव्हा तिच्या पहिल्या परवान्यात पैसे घेण्यास बंदी होती. फ्लॉपीवर प्रत करून देणाऱ्याने फ्लॉपीचा खर्चही मागायचा नाही, असा तो कडक नियम होता. म्हणजे लिनक्स तेव्हा पक्के फुकट होते, पण पुरते मुक्त नव्हते. १९९२ मध्ये त्याने जीपीएल स्वीकारले, पैशांवरची बंदी उठली, आणि लिनक्स विकणाऱ्या, बसवून देणाऱ्या, सांभाळणाऱ्या कंपन्या उभ्या राहू शकल्या. स्टॉलमन स्वतःदेखील १९८५ च्या सुमारास आपल्या ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची टेप १५० डॉलरला विकत असत. पैसे घेण्याला त्यांचा आक्षेप नव्हता. घेणाऱ्याचे हात बांधण्याला होता.

दुसरा पुरावा २००५ चा आहे आणि तो आमच्या नाटकाच्या फाइलीशी अगदी जुळतो. लिनक्सचे काम तोवर इतके वाढले होते की कोणी कोणता बदल केला याचा हिशेब ठेवायला वेगळे साधन लागू लागले. २००२ पासून त्यासाठी बिटकीपर नावाचे एका कंपनीचे सॉफ्टवेअर वापरात आले. लिनक्सच्या प्रोग्रामरांना ते फुकट दिलेले होते, पण त्यावर एक अट होती: फुकट वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणारे साधन बनवायचे नाही. ज्यांनी सारे आयुष्य मुक्त सॉफ्टवेअरला दिले त्यांनी अशा मुंडकारीत राहावे, हे त्यांच्यातल्याच अनेकांना रुचले नव्हते. पुढे एका प्रोग्रामरने बिटकीपरच्या साठ्याशी बोलणारे स्वतःचे साधन लिहायला घेतल्यावरून वाद झाला आणि एप्रिल २००५ मध्ये कंपनीने फुकट आवृत्ती मागे घेतली. कंपनी बेकायदा वागली नाही. भाटकाराने संमती काढून घेतली, इतकेच. त्यावर टॉर्व्हाल्ड्सने ३ एप्रिलला स्वतःच एक साधन लिहायला सुरुवात केली, ७ एप्रिलला ते साधन स्वतःचाच कोड सांभाळू लागले, आणि जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती त्यावर निघाली. ते गिट. आज फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापासून झुआरीनगरच्या बिट्स या तंत्रशिक्षण संस्थेपर्यंत संगणक शिकणारा मुलगा गिट शिकल्यावाचून राहत नाही. जुलै २००५ मध्ये टॉर्व्हाल्ड्सने त्याची व्यवस्था जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली, तरी काम थांबले नाही. बिटकीपरचा कोड पुढे २०१६ मध्ये मुक्त झाला. तोवर त्याची वाट पाहणारे फारसे कोणी उरले नव्हते.

आता "का देतात" हा प्रश्न. फ्रीवेअरपुरते उत्तर सोपे आहे: देणारा मूळ वस्तू हातची सोडतच नाही. आज फुकट देऊन उद्या मोठी आवृत्ती विकायची असते, जाहिराती दाखवायच्या असतात, वापरणाऱ्याची माहिती गोळा करायची असते किंवा प्रतिस्पर्ध्याला उठवायचे असते. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर विंडोजबरोबर फुकट दिला तो नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझर-कंपनीचा धंदा बसवण्यासाठी, आणि तो बसलाही. गंमत अशी की नेटस्केपने त्याला उत्तर दिले ते दुसऱ्या मार्गाने: मार्च १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा सोर्स कोडच खुला केला, आणि "ओपन सोर्स" हा शब्दही त्याच वर्षी त्याच धामधुमीत रूढ झाला. त्या कोडपासून मोझिला आणि पुढे फायरफॉक्स निघाला. फुकट दिलेला एक्सप्लोरर आज निवृत्त झाला आहे; मुक्त केलेल्या कोडचा वंश अजून चालू आहे.

ओपन सोर्सच्या बाबतीत लोक एकदम परोपकाराकडे धाव घेतात, आणि मला ते उत्तर अपुरे वाटते. परोपकार असतो, पण तो पाया नसतो. पुष्कळदा प्रोग्रामर आधी स्वतःच्या गरजेसाठी काहीतरी लिहितो आणि लिहून झाल्यावर त्याच्यापुढे प्रश्न येतो की हे कपाटात ठेवावे की बाहेर. विकायचे म्हटले तर दुकान मांडावे लागते, आणि ते त्याला नको असते. बाहेर ठेवले तर ज्यांना तीच गरज आहे असे लोक चुका दाखवतात, कोणी त्या दुरुस्तही करून पाठवतात. व्हीएलसी हे सर्वांच्या परिचयाचे व्हिडिओ दाखवणारे साधन पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये आपल्या वसतिगृहाच्या जाळ्यावर व्हिडिओ पाहता यावा म्हणून सुरू केले आणि २००१ मध्ये ते जीपीएलखाली आले. नव्या प्रोग्रामरला दुसरेही एक कारण असते. त्याचा कोड सर्वांसमोर असतो, तो कोणी तपासला, कोणी स्वीकारला हे दिसते, आणि नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ते वजनदार ठरते.

मोठ्या कंपन्यांचे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते समजायला आमची खाजन शेती पाहावी. नदीकाठची ही शेते बांधावर आणि पाणी सोडण्या-अडवण्याच्या मानशीवर जगतात. बांध फुटला तर खारे पाणी कोणाचे शेत वगळून आत शिरत नाही. म्हणून प्रत्येकाला बांधात रस असतो, पण स्वतःपुरता वेगळा बांध घालणे कोणालाच परवडत नाही. लिनक्स हा असा बांध आहे. त्यातला बहुतांश कोड आज कंपन्यांच्या पगारावर असलेले प्रोग्रामर लिहितात. इंटेल, गूगल, रेड हॅट अशी एकमेकांशी झगडणारी नावे तेथे शेजारी बसतात, कारण त्यांची कमाई त्या बांधामागच्या शेतात आहे, कोणाची चिपमध्ये, कोणाची जाहिरातीत, कोणाची सेवेत. कंपनीने आपली दुरुस्ती स्वतःजवळच ठेवली, तर मूळ लिनक्सची प्रत्येक नवी आवृत्ती आल्यावर ती दुरुस्ती पुन्हा बसवत राहावी लागते. मुळात देऊन टाकली की ती सर्वांबरोबर सांभाळली जाते. येथे देणे हाच काटकसरीचा मार्ग ठरतो. रेड हॅटने सॉफ्टवेअर मुक्त ठेवून त्याची हमी आणि देखभाल विकली, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली.

बांधाचा दाखला दिला की बांध फुटण्याचेही सांगितले पाहिजे. मुक्त परवान्यात हक्क मिळतो, हमी मिळत नाही. वस्तू आहे तशी घ्या, असे त्यात लिहिलेलेच असते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक उघडकीस आली, तेव्हा जगभरच्या संकेतस्थळांचे गुप्त व्यवहार ज्यावर चालत होते ते सॉफ्टवेअर मूठभर माणसे तुटपुंज्या देणग्यांवर सांभाळत असल्याचे लोकांच्या ध्यानात आले. बांध सर्वांचा होता, माती मात्र दोघेचौघेच टाकत होते. मार्च २०२४ मध्ये तर एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या छोट्या साधनात, त्याच्या थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास संपादून घुसलेल्या कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला सर्व्हरमध्ये प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला म्हणून तो सापडला. कोड उघडा असल्यामुळे त्याला मुळापर्यंत जाता आले. पण नुसता उघडा ठेवल्याने कोणी वाचतोच असे नाही, हेही त्याच घटनेने दाखवले.

राहता राहिला काकांचा दुसरा प्रश्न, मुक्त सॉफ्टवेअर बंद पडले तर. मालकाचे मन मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीतही फिरते. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने पुढच्या आवृत्त्यांचा परवाना आवळला. पण दिलेला हक्क मागे घेता येत नसल्यामुळे जुन्या आवृत्तीचा कोड घेऊन त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली व्हॅल्की हा डेटाबेस सुरू झाला. ओरॅकल कंपनीकडे गेलेल्या ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमधून २०१० मध्ये लिब्रेऑफिस असाच वेगळा निघाला होता. याउलट मे २०२५ मध्ये स्काइप बंद झाले, तेव्हा कोट्यवधी लोकांनी वर्षानुवर्षे फुकट वापरलेली ती वस्तू पुढे चालवण्याचा हक्क त्यांतल्या एकाकडेही नव्हता.

म्हणून सॉफ्टवेअर उतरवताना किंमत पाहण्याऐवजी परवान्याचे नाव पाहावे. जीपीएल, एमआयटी, अपाची यांपैकी काही दिसले तर ती गावकारी आहे. "वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य" असे लिहिलेले असेल तर ते भाटकाराचे अंगण आहे, आणि अंगणातही सुखाने राहता येते, फक्त महत्त्वाचे दप्तर तेथे ठेवू नये. काही वस्तू दोन्हींच्या सीमेवर असतात: गूगलचा क्रोमियम हा ब्राउझर मुक्त आहे, त्यावर बेतलेला क्रोम नुसता फुकट आहे.

आमची संहिता आता लिब्रेऑफिसमध्ये आहे आणि तिला मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेने केलेला "मुक्त" नावाचाच फाँट लावला आहे. त्याच्याबरोबर ओपन फाँट लायसन्सचा मजकूर येतो: वापरा, बदला, वाटा, पुस्तकात छापून पुस्तक विका, फक्त फाँट एकटाच विकायला काढू नका. काकांनी तो मजकूर छापून घेऊन संहितेच्या शेवटच्या पानाला टाचणीने लावून ठेवला आहे.