घर पसंत आहे, सजावट नाही : पुनर्विक्रीचे घर घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुनर्विक्रीचे घर पाहून परत आलेले ग्राहक आमच्या कार्यालयात बसले की बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात : “जागा चांगली आहे, पण आतले काहीच आवडले नाही.” हॉलच्या भिंतीला गडद जांभळा रंग असतो, छताला पीओपीची तीन पदरी फुले आणि त्यांत रंगीत दिवे असतात, स्वयंपाकघरात छतापर्यंत चकचकीत लाल कपाटे असतात. हे सारे पाहून मन मागे सरते आणि ते स्वाभाविक आहे, कारण घर हे रोज डोळ्यांसमोर राहणार असते. तरीही लातूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत तयार घरांच्या खरेदीचे व डागडुजीचे काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसली आहे : भिंतीच्या रंगापायी लोक भक्कम घर सोडून देतात आणि ताज्या टेक्स्चर पेंटला भुलून ओल धरलेले घर घेतात. असे होऊ नये, या कळकळीने हे माहितीपत्रक लिहिले आहे.

वरचे आणि मूळचे

घर पाहताना दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल एकच प्रश्न विचारावा : ही गोष्ट घरावर चढवलेली आहे की घराच्या अंगची आहे? रंग, फरशी, फॉल्स सिलिंग, कपाटे, दिवे, पडदे, नळाच्या तोट्या हे सारे वरचे आहे आणि ते पैसे व दिवस खर्चून बदलता येते. पाया, स्लॅब, खोल्यांची मांडणी, छताची उंची, उजेड, वारा, पाण्याची सोय आणि कागदपत्रे हे मूळचे आहे. त्यातले काही अजिबात बदलत नाही आणि जे बदलते त्याला सजावटीच्या कितीतरी पट खर्च येतो.

गेल्या वैशाखात औसा रोड भागातील एक घर आम्ही एका शिक्षक दांपत्याला दाखवले. बाईंनी दारातूनच जांभळी भिंत पाहिली आणि चप्पल काढायच्या आधीच नको म्हटले. सोबत आलेल्या त्यांच्या सासूबाई मात्र काही न बोलता थेट स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी सिंकखालचे दार उघडून मागच्या भिंतीला तळहात लावला, तो कोरडा निघाला. सकाळचे अकरा वाजले होते आणि दिवा न लावता कडप्प्याच्या ओट्यावर स्वच्छ उजेड होता. नंतर त्यांनी शेजारणीला हाक मारून पाणी किती दिवसांआड येते, ते विचारून घेतले. त्याच दिवशी पाहिलेले दुसरे घर आतून फिकट, नवेकोरे आणि सगळ्यांना आवडेल असे होते, पण हॉलच्या भिंतींना जमिनीपासून दीड फुटापर्यंत लॅमिनेटची पट्टी मारलेली होती. सासूबाईंनी ती अंगठ्याने दाबली तेव्हा ती आत गेली आणि कडेने पांढरी भुकटी खाली पडली, कारण मागच्या भिंतीला लोणा लागलेला होता. त्या कुटुंबाने जांभळ्या भिंतीचे घर घेतले. रंग बदलायला आठवडा लागला.

सजावटीमागे काय असू शकते

मराठवाड्याच्या मोठ्या भागात काळी भारी जमीन आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल किंवा प्लिंथ बीम (पायावर, भिंतींखालून फिरणारी आरसीसी तुळई) घातलेला नसेल, तर जमिनीची ही दरवर्षीची हालचाल भिंतींपर्यंत पोहोचते आणि दारांच्या व खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक रेषांना घाबरण्याचे कारण नाही. मात्र जी भेग कोपऱ्यातून तिरपी चढत जाते, जिच्यात नाणे शिरते आणि जी भिंतीच्या आतून तशी बाहेरूनही दिसते, ती इंजिनिअरला दाखवल्याशिवाय इसार देऊ नये. वॉलपेपर, लाकडी पॅनेल, दगडी टाइल्सची भिंत यांमागे अशी भेग सहज झाकली जाते. सजावट केलेला प्रत्येक मालक काही लपवतोच असे आमचे म्हणणे नाही, बहुतेकांनी हौसेनेच केलेले असते. तरी एकाच भिंतीवर एवढी मेहनत का घेतली, हे विचारायला हरकत नाही आणि त्या भिंतीची मागची बाजू पाहायलाच हवी. भेग दिसत नसली तरी दारे चौकटीत अडकतात का, हे पाहावे आणि जमल्यास आजूबाजूच्या घरांच्या कंपाउंड भिंतीही न्याहाळाव्यात, कारण त्यांना कोणी सजवलेले नसते.

फरशीवर नाण्याने टकटक करून पाहावे. भरीव आवाज आला तर फरशी नीट बसलेली आहे, पोकळ आवाज बऱ्याच जागी आला तर ती पुढे-मागे उखडणार आहे. छताला पीओपी असेल तर एखादा दिवा काढून त्या भोकातून टॉर्चच्या उजेडात वरचा स्लॅब पाहू द्यावा, अशी विनंती मालकाला करावी. गंजाचे तांबूस डाग किंवा सुटलेला गिलावा दिसल्यास तो प्रश्न सजावटीचा उरत नाही. त्याच वेळी जमिनीपासून स्लॅबपर्यंतची उंची टेपने मोजावी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याच्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट असावी लागते. पीओपीमुळे ठेंगणी वाटणारी खोली पीओपी काढल्यावर मोकळी होईल की मुळातच ठेंगणी आहे, हे त्या मोजमापावरून कळते.

भिंत पाडण्याविषयी

सजावट आवडत नसलेले ग्राहक बोलता बोलता हमखास म्हणतात की, ही मधली भिंत काढून स्वयंपाकघर मोकळे करू. येथे आम्ही त्यांना थांबवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. भिंत आणि छत यांचे नाते काय असते, हे लातूर-धाराशिवच्या माणसाला वेगळे सांगायला नको. आजही अनेक जुनी घरे लोड बेअरिंग पद्धतीची आहेत, म्हणजे त्यांत स्लॅबचा भार भिंतीच पेलतात आणि अशी भिंत काढणे म्हणजे छताचा आधार काढणे होय. आरसीसी कॉलम-बीमच्या घरात चार-साडेचार इंची आडभिंत काढता येऊ शकते, पण तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत, जेथे आवश्यक तेथे नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची परवानगी आणि अपार्टमेंट असल्यास सोसायटीची संमती घेऊनच काढावी. संडास-बाथरूमची जागा हलवण्याचा विचार अपार्टमेंटमध्ये शक्यतो करूच नये, कारण त्याची गळती खालच्या घरात उतरते. ज्या घराचे सुख भिंत पाडण्यावरच अवलंबून आहे, ते घर आपल्यासाठी नाही असे समजावे.

नावडीची किंमत कशी काढावी

“सगळेच बदलावे लागेल” या वाक्यावर भाव ठरत नाही. प्रत्येक खोलीत उभे राहून काय काढायचे, काय झाकायचे आणि काय तसेच चालवून घ्यायचे याची यादी करावी आणि मोजमाप घ्यावे. उदाहरणार्थ, १० बाय १२ फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीच्या चार भिंती ४४० चौरस फूट भरतात, छताचे १२० मिळून ५६० होतात आणि एक दार व एक खिडकी वजा केल्यास सुमारे ५२० चौरस फूट रंगकाम उरते. गडद रंगावर फिका रंग द्यायचा असल्यास आधी प्रायमर आणि मग दोन, कधी तीन हात लागतात. जुन्या पद्धतीप्रमाणे भिंतीला ऑइल पेंट असेल तर तो घासल्याशिवाय पुट्टी धरत नाही, म्हणून मजुरी वाढते. हे गृहीत न धरता रंगाऱ्याने दिलेला दर पुढे हमखास बदलतो.

फरशी आवडली नाही तर ती उखडणे हाच उपाय असतो असे नाही. जुनी फरशी भरीव असेल तर तिच्यावरच ॲडेसिव्हने नवी टाइल बसवता येते आणि मलबा व धूळ दोन्ही वाचतात. फक्त जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, त्यामुळे दारे खालून तासावी लागतात आणि बाथरूमच्या व बाल्कनीच्या उंबऱ्याशी पाण्याचा उतार पुन्हा तपासावा लागतो. कपाटांचा सांगाडा पक्का असेल तर नुसती दारे बदलावीत. वायरिंग मात्र दिसत नसले तरी यादीत पहिले लिहावे. एसीसाठी स्वतंत्र लाइन आहे का, अर्थिंग चालू आहे का, विजेचा धक्का बसताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवलेले आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे, कारण रंग झाल्यावर भिंत फोडणे फार जिवावर येते.

ही यादी हाती असली की मालकाशी बोलणे सोपे जाते. मालक आपण सजावटीवर किती घातले ते मोजतो, घेणारा ती काढायला किती लागतील ते मोजतो आणि दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात. तेथे बँकेचा मूल्यांकनकार काय म्हणतो याकडे पाहावे, कारण तो मुख्यतः जागा आणि बांधकाम पाहतो, पीओपीची फुले नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळू शकते, त्यावरील ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ८० टक्के. दहा लाखांहून अधिक किमतीच्या घरात मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही, तो खिशातूनच करावा लागतो. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये असते. निवासी घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि एवढ्या रकमेत एका लहान घराचा रंग बऱ्याचदा निघून जातो. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरची (शासनाच्या दरपत्रकातील) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. म्हणून सोफा, पलंग, फ्रीज अशा सुट्या वस्तू नको असतील तर त्या किमतीत धरूच नयेत आणि हव्या असतील तर त्यांची खऱ्या किमतीसह वेगळी यादी करावी. खरेदीखतात घराची किंमत कमी दाखवण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देत नाही.

एक उन्हाळा राहून पाहावे

दुरुस्तीची कामे आम्हीच करतो, तरीही आमचा आग्रह असा आहे की, ओल, वायरिंग आणि नळकाम राहायला जाण्यापूर्वी उरकावे आणि बाकी तोडफोड शक्य तर एक उन्हाळा जाईपर्यंत थांबवावी. हे आम्ही एका चुकीतून शिकलो. एका घराच्या पश्चिमेच्या भिंतीत विटांची जाळी होती. ती जुनाट दिसते म्हणून ग्राहकाच्या सांगण्यावरून आम्ही ती काढली आणि मोठी काच बसवली. हिवाळ्यात खोली सुंदर दिसत होती. एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर त्या खोलीत बसवेना, शेवटी काचेबाहेर पुन्हा पत्र्याची सावली करावी लागली. त्या जाळीचे काम काय आहे, हे ग्राहकाला सांगण्याची जबाबदारी आमची होती आणि ती आम्ही पार पाडली नव्हती.

पाऱ्याने चाळिशी ओलांडणाऱ्या या मुलखात जुन्या घरांतल्या बऱ्याच नावडत्या गोष्टींना कारण असते. खोल छज्जे, जाड पडदे, उंचावरचे झरोके आणि शहाबादी फरशी ही त्यांची उदाहरणे आहेत. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या खाणींतून आलेली ही फरशी मळकट दिसते म्हणून लोक काढतात. तिला घासून पॉलिश केले तर ती निळसर-करडी, गुळगुळीत आणि पायाला थंड लागते. जुन्या वाड्यातील सागवानी खांब, तुळया आणि दारेही भंगारात देण्याआधी सुताराला दाखवावीत.

मनाची समजूत कोठे घालू नये

स्वयंपाकघराला खिडकी नाही, जिना इतका अरुंद आहे की पलंग वर चढत नाही, उन्हाळ्यात बोअर आटते, अशा गोष्टी रंगाने झाकल्या जात नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. ज्यांनी तो उन्हाळा काढला, ते बाथटब पाहण्याआधी हौदाची खोली विचारतात, आणि प्रत्येकाने तसेच करावे. कागदपत्रांचेही असेच आहे. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपासणी अहवाल), सिडकोचे घर असल्यास हस्तांतरणाची परवानगी, गुंठेवारीतील (विनापरवाना पाडलेल्या लहान भूखंडांवरचे) घर असल्यास नियमितीकरणाचा दाखला आणि जमीन भोगवटादार वर्ग दोनची (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. आतली सजावट मनासारखी असली की नेमका याच तपासणीचा आळस होतो.

मालकासमोर बोलताना

त्या घराला मालकाने आपल्या कष्टाच्या पैशांतून सजवलेले असते, कदाचित मुलीच्या लग्नाआधी किंवा आईच्या सांगण्यावरून. त्यांच्या देखत नाक मुरडू नये. मन दुखावले की भावाचे बोलणेही तेथेच थांबते. जे काढायचे आहे त्याची चर्चा बाहेर येऊन करावी. देवघर, तुळशीवृंदावन, भिंतीवरच्या तसबिरी आणि दारावरची पाटी मालकांनी ताबा देण्यापूर्वी सन्मानाने सोबत न्यावी, असे आधीच सांगून ठेवावे. नंतर त्यांचे काय करायचे, हा प्रश्न दोन्ही घरांना जड जातो. पंखे, गिझर, इन्व्हर्टर, पडद्यांचे रॉड यांपैकी काय राहणार आणि काय जाणार, हे साठेखतातच लिहून घ्यावे.

घर दोनदा पाहावे, एकदा सकाळी दहाच्या आत आणि एकदा दुपारी चारनंतर, दोन्ही वेळा दिवे बंद ठेवून. सोबत टेप, टॉर्च, एक नाणे आणि घरातले एक वडीलधारे माणूस असावे. खोलीवार यादी व मोजमापे आमच्याकडे आणून दिल्यास आम्ही जागेवर येऊन पाहणी करतो आणि काढायचे, झाकायचे व ठेवायचे अशा तीन भागांत खर्चाचा लेखी अंदाज देतो. तो अंदाज हातात पडेपर्यंत इसार देऊ नये.